‘कधी पडत नाय, ते सांगा’

आदरणीय श्री. रघुनाथ बांगर यांची आणि माझी पहिली भेट एका जळलेल्या फ्यूजवरून झाली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. तिथे पाण्याच्या पाइपांचे प्लास्टिकचे जोड बनतात. मी स्टोअरकीपर म्हणून लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. खाकी शर्टातले एक सडपातळ गृहस्थ खिडकीशी आले, नवा फ्यूज मागून घेतला आणि जुना, काळा पडलेला फ्यूज माझ्यासमोर ठेवला. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर पेन्सिलीने लिहिले होते, ‘पंप नं. २. आतल्या पंख्यात चिंधी अडकली. चिंधी कोणाची, विचारू नये.’

मी म्हणालो, “साहेब, हा भंगारात टाकू का?”

“नाय. एक खण रिकामा करा. जे जे जळेल ते चिठ्ठीसकट तिथं ठेवायचं. कसं गेलं ते कळल्याशिवाय नवीन लावायचं नाय.”

तो खण आजही माझ्या स्टोअरमध्ये आहे. बांगरांना आम्ही सगळे नाना म्हणतो, आणि कामगार त्या खणाला नानांचे स्मशान म्हणतात. नाना साठ वर्षांचे झाले, आता कारखान्यातून निवृत्त होत आहेत आणि त्यांचे स्नेही हा गौरव-अंक काढत आहेत. मला लिहायला सांगितले तेव्हा मी पहिल्यांदा त्या खणापाशीच जाऊन उभा राहिलो. मला विजेतले काही कळत नाही. मी शहापूर तालुक्यात तानसाच्या बाजूच्या गावचा, गावातल्याच शाळेत शिकलेला माणूस. सकाळी देवासमोर बसावे, दिवसभर स्टोअर सांभाळावे, एवढेच माझे आयुष्य. नानांच्या विद्युत विभागातल्या कामाचे मोल जाणकारांनी लिहावे. मला जे लिहायचे आहे ते आजवर मी कोणाला सांगितलेले नाही आणि नानांनीही सांगितलेले नाही.

नानांविषयी माझ्या मनात सुरुवातीपासून आदर होता. पण बरीच वर्षे एक अढीही होती, ती आधी सांगून टाकतो. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. हार, नारळ, हळदकुंकू सगळे असते. नाना त्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी येत आणि प्रत्येक विजेच्या पॅनेलच्या दारावर, वर उजव्या कोपऱ्यात, खडूने एक गोल काढून ठेवत. कुंकू लावायचे ते त्या गोलातच. दार उघडून आत बोट न्यायचे नाही, फुलाने पाणी शिंपडायचे नाही. एका वर्षी मी भक्तिभावाने पॅनेलच्या बटणांना कुंकू लावायला गेलो, तर नानांनी माझे मनगट धरले.

“जनूभाऊ, गोलात.”

“नाना, देवाला कसला गोल?”

“देवाला नाय. तुमाला.”

सर्वांसमोर बोलले म्हणून मला वाईट वाटले. हा माणूस कामाचा चांगला, पण नास्तिक, असे मी मनाशी ठरवून टाकले. ते किती अपुरे होते हे कळायला मला एक गाडी घ्यावी लागली.

मोटरसायकलवरून पडून माझा गुडघा मोडला आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. आमच्या गावाहून मुरबाडला यायचे तर एक तर किन्हवली, सरळगाव करत वेळेवर न मिळणाऱ्या एसट्या धरायच्या, नाही तर आसनगावहून कल्याण आणि तिथून पुन्हा जीपने मागे यायचे. त्या गुडघ्याने दोन्ही जमेना. म्हणून विजेवरची छोटी गाडी घेतली. गावात विजेचा दाब कमी. संध्याकाळपासून गाडी चार्जिंगला लावली तरी सकाळी बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली असे. तेवढ्यात मी मुरबाडला पोचे, पण परत येणे शक्य नव्हते. सुदैवाने कारखान्याने आवारात चार चार्जिंगचे पॉइंट बसवले होते, नानांनीच जोडलेले. तिथे दिवसा गाडी भरली तर माझी नोकरी टिकणार होती. पन्नाशीला आलेल्या, गुडघा मोडलेल्या स्टोअरकीपरला दुसरी नोकरी कोण देणार?

आणि नेमके तिथेच बिनसले. मी गाडी लावली की दहा-पंधरा मिनिटांत चारही पॉइंट बंद. माझ्या गाडीबरोबर बाकीच्या तीन गाड्याही ठप्प. पॅनेलमधला स्विच पडलेला असे. तो वर केला की थोडा वेळ चाले आणि पुन्हा पडे. डिस्पॅचच्या राऊतांची गाडी माझ्या शेजारी लागायची. एके संध्याकाळी ते घरी निघाले तर गाडी भरलेलीच नाही.

“महाराज,” ते मला म्हणाले. माझ्या गळ्यातल्या माळेमुळे ते मला महाराज म्हणतात. “तुमची गाडी एकादशीला उपास करते ते समजू शकतो. पण आमाला पण उपाशी ठेवते, हे काय?”

“अहो, मी काय करू? लावतो तशीच लावतो.”

“नजर लागलीय. लिंबू बांधा.”

त्यांनी चेष्टा केली होती, पण मी खरोखर लिंबू बांधला. राऊतांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून आपली गाडी शेवटच्या पॉइंटला लावू लागले. तरीही स्विच पडायचा तो पडलाच.

मी गाडी कल्याणच्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी दोन तास चार्जिंगला लावून दाखवली. “गाडीत दोष नाही,” म्हणाले. चार्जर बसवणाऱ्यांचा माणूस येऊन तपासून गेला. “चार्जरमध्ये दोष नाही,” म्हणाला. घरी तर ती हळूहळू का होईना, रोज बिनतक्रार चार्ज होत होती. गाडी चांगली, चार्जर चांगला, घरीही काही अडत नाही, मग बिघडले होते कोण? मी रोज संध्याकाळी देवासमोर बसून हेच विचारत असे. माझ्या हातून काही अपराध झाला असेल, असेही मनात येई. तोवर मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितले, की इतरांची गैरसोय होते आहे, पुढच्या महिन्यापासून तुमची गाडी पॉइंटला लावू नका. साहेब वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितले असते.

त्या दिवशी नाना आपण होऊन स्टोअरमध्ये आले. “मी साहेबांकडून आठ दिवस मागून घेतलेत,” म्हणाले. “तुमी वहीत नोंदी चांगल्या ठेवता. एक नोंद ठेवा.”

“कधी कधी पडतो ते लिहू?”

“ते सगळे सांगतायत. कधी पडत नाय, ते सांगा.”

मला हा प्रश्न उलटा वाटला. ताप कधी येत नाही, असे कोणता वैद्य विचारतो? पण मी लिहू लागलो. नाना रोज जेवणाच्या सुट्टीत एक स्टूल घेऊन त्या पॉइंटांसमोर बसत. कशाला हात लावत नसत. भाकरी खात आणि बघत. मी विचारले, “नाना, काही कळतंय का?” ते म्हणत, “नाय अजून.” हे दोन शब्द इतक्या शांतपणे म्हणणारा तज्ज्ञ मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याला कळत नाही हे सांगताना माझा जीव कासावीस होतो.

पाच दिवसांत माझ्या वहीत एक गोष्ट उमटली. माझी गाडी एकटी असेल तर स्विच पडत नाही. आणखी एक गाडी असली तरी बहुधा पडत नाही. तिसरी लागली की पडतो. सकाळी दव असले तर लवकर पडतो. नानांनी वही वाचली आणि चिमट्यासारखे एक मीटर आणले. ते प्रत्येक गाडीच्या केबलभोवती धरून त्यांनी आकडे टिपले. मग मला समजेल असे सांगितले. प्रत्येक गाडीतून थोडी वीज झिरपतेच, मडक्यातून पाणी झिरपावे तशी, आणि ती अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जाते. त्या झिरपण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की माणसाला झटका बसू नये म्हणून तो स्विच आपण होऊन पडतो. चारही पॉइंटांना मिळून असा एकच स्विच होता. सगळ्यांचे झिरपणे त्याच्याकडे जमा होत होते.

“आणि माझी गाडी?”

“तुमची इतरांपेक्षा जास्त झिरपते. का, ते बघायचंय.”

एव्हाना राऊत आणि आणखी सात-आठ जण जमले होते. नानांनी माझ्या गाडीचे चार्जिंगचे झाकण उघडले, आत टॉर्चचा प्रकाश टाकला आणि वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग शांतपणे झाकण लावून ते सर्वांकडे वळले.

“ओल धरलीय. सुकवायला लागेल. जा, जेवून घ्या.”

सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि झाकण पुन्हा उघडले. आत, जिथे केबलचे तोंड बसते त्या भोकांत, लालसर ओला चिखल साचला होता. त्यात तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

तो दाणा मी ओळखला. माझी आई रोज सकाळी गाडीची पूजा करते. बोनेटला, चाकांना, आणि जिथून गाडी जेवते त्या तोंडाला, म्हणजे चार्जिंगच्या जागेला, ती ओले हळदकुंकू आणि अक्षता वाहते. माझाही त्याला पाठिंबा होता. किंबहुना आईचा हात पोचत नसे तेव्हा मीच लावत असे. महिनोन्‌महिने केबल काढताना ते आत भोकांत उतरत होते. आणि मी सगळ्या कारखान्याला विचारत फिरत होतो, की दोष कोणाचा.

नानांनी चिमट्याने तो दाणा काढला आणि एका कागदाच्या पुडीत ठेवला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक भोक पुसताना ते मान वर न करता विचारत होते.

“घरी पूजा करताना गाडी चार्जिंगला लावलेली असते?”

“हो. आईची पूजा झाली की मग मी केबल काढतो.”

“त्यांना कधी काय जाणवलं?”

हे सांगावे की नाही, असे मला क्षणभर वाटले. पण खोटे बोलवेना. म्हणालो, “आई म्हणते, गाडीला हात लावला की अंगात झिणझिण्या येतात. गावदेवीचं तेज आहे, म्हणते. मलाही दोनदा जाणवलं. मी नमस्कार केला.”

नानांचा हात थांबला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेले पाहिले नव्हते. त्यांनी कापूस खाली ठेवला.

“आज गाडी घरी लावायची नाय. मी तुमच्याबरोबर येतो. साहेबांना सांगून येतो, आत्ताच निघू.”

“नाना, पण इथलं काम?”

“इथं स्विच पडतो. पडतो तवर इथं कोणाला काय व्हायचं नाय. तुमच्या घरी पडत नाय, त्याची भीती हाये.”

वाटेत किन्हवली मागे पडेपर्यंत माझे डोके पार गोंधळून गेले होते. ज्या घरी बिघाड नव्हता तिथे धोका होता, आणि जिथे रोज बिघाड होत होता तिथे मी सुरक्षित होतो. हे मला पटत होते असे नाही. मी फक्त गाडी चालवत होतो.

उन्हे कलायच्या आत आम्ही घरी पोचलो. नानांनी पडवीतला मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि चार्जिंगचे सॉकेट उघडले. आत बोटाच्या पेराएवढा वायरीचा एक तुकडा होता. आमच्या घराला अर्थिंगच नव्हते. अर्थिंग नसले की गाडीचा चार्जर चालायला नकार देतो. तो चालावा म्हणून सॉकेट बसवणाऱ्या माणसाने अर्थिंगची जागा त्या तुकड्याने खांबावरून येणाऱ्या न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीला, जोडून दिली होती. गाडीला वाटत होते अर्थिंग आहे. झिरपणारी वीज जमिनीत न जाता गाडीच्या पत्र्यावर येत होती. नाना म्हणाले, “खांबावरची ती एक वायर वाऱ्यानं तुटली असती, तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत झाला असता. आणि मावशी ओल्या हातानं…”

आई दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिला सत्तरी उलटून गेली आहे. नानांनी तो तुकडा उपटून खिशात टाकला, तशी ती म्हणाली, “काय काढलात वो? आता ती झिणझिणायची नाय का?”

“नाय मावशी.”

“मंग देवी गेली म्हना की.”

नाना पडवीच्या कडेला तिच्यासमोर बसले. “मावशी, देवळात देवीच्या पायाला हात लावता, तेव्हा झटका बसतो का?”

आईने विचार केला. “नाय बसत.”

“मग हे दुसरं कायतरी होतं.”

“मंग इतके दिस मी हात कोनाला जोडत व्हते?”

दुसरा कोणी असता तर त्याने आईची समजूत काढली असती, किंवा हसून विषय टाळला असता. नाना म्हणाले, “ते मला नाय सांगता यायचं, मावशी. मी वायरमन.”

आईचा हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. सकाळी देवासमोर हात जोडतो तेव्हा तो कधीकधी मध्येच आठवतो. पण नानांना मी नास्तिक समजत होतो, ते त्या संध्याकाळी संपले. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीविषयी इतके जपून बोलणारा माणूस नास्तिक कसा म्हणावा?

पुढच्या रविवारी नाना पुन्हा आले. येताना तांब्याची पट्टी, लोखंडी पाइप, पोतेभर कोळसा आणि मीठ घेऊन आले. मोरीच्या बाजूला, जमीन ओली असते तिथे, आम्ही दोघांनी कमरेच्या वरपर्यंत खड्डा खणला. माझ्या गुडघ्यामुळे बरेचसे त्यांनीच खणले. त्यांनी नवे सॉकेट बसवले, झिरपणे ओळखून पडणारा स्विच बसवला आणि त्यावरचे बटण दाबून तो तीनदा पाडून दाखवला. शेवटी अर्थिंगच्या खड्ड्यावर चार विटांची चौकट रचली. आई हळदकुंकवाची वाटी घेऊन उभीच होती. मी तिला थांबवणार होतो.

नानांनी खिशातून खडू काढला आणि विटांवर एक गोल काढला. “मावशी, गाडीच्या तोंडाला लावू नका. इथं लावा, हवं तेवढं. आणि रोज सकाळी ह्याच्यात तांब्याभर पाणी घाला. मीठ ओलं राहिलं तरच हे काम करतं.”

“रोज?”

“रोज. विसरलात तर चालायचं नाय.”

“तुळशीला घालते तसं?”

“तसंच.”

आई आजही तुळशीला आणि त्या खड्ड्याला पाठोपाठ पाणी घालते. त्याशिवाय चहा घेत नाही.

सोमवारी साहेबांनी विचारले, तेव्हा मीही तिथे होतो. राऊत होते. मी मनाशी सगळे कबूल करायची तयारी केली होती. पण नाना आधी बोलले. “साहेब, चूक माझी. चार पॉइंटांना मिळून एक स्विच लावला, तो प्रत्येकाला वेगळा पाहिजे होता. परवापर्यंत करून देतो. जनूभाऊंच्या गाडीला थोडी ओल होती, ती काढली.” साहेबांनी मान डोलावली. पॉइंटावरची बंदी निघाली. राऊत बाहेर येऊन मला म्हणाले, “महाराज, लिंबाचा गुण बरं.” मला हसता आले नाही.

नंतर मी नानांना विचारले, “माझं कुंकू किती आणि तुमचा स्विच किती?”

“दोन्ही मिळून पडला.”

“पण तुम्ही एकट्यानं का घेतलं?”

ते म्हणाले, “स्विच माझाच होता ना?” आणि पंप बघायला निघून गेले. इतकी वर्षे ज्यांच्या कामात कोणी बोट ठेवू शकले नाही, त्यांनी निवृत्तीच्या तोंडावर साहेबांसमोर असे का म्हणावे, हे मला तेव्हा कळले नाही. अजूनही पुरते कळलेले नाही. म्हणून आज मीच लिहितो आहे: राऊतभाऊ, तुमची गाडी उपाशी राहिली ती माझ्या घरच्या हळदकुंकवाने.

हा लेख लिहायला बसण्यापूर्वी मी त्या खणापाशी गेलो, असे वर म्हटले आहे. खणात सगळ्यांत मागे मला एक कागदाची पुडी आणि एक वायरीचा तुकडा सापडला. पुडीत तांदळाचा लाल झालेला दाणा होता. तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘चार्जिंग पॉइंट. तांदूळ कोणाचा, विचारू नये.’ वायरीच्या तुकड्याची चिठ्ठी मी दोनदा वाचली. त्या खणातल्या प्रत्येक चिठ्ठीवर काय गेले आणि कसे गेले हे लिहिलेले असते. या एकाच चिठ्ठीवर लिहिले होते, ‘कोणी गेले नाही. वेळेत निघाली.’

माझी आई पुढच्या खोलीत झोपली आहे. सकाळी ती उठेल, तांब्या भरेल. नानांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, असे मी देवाजवळ मागतो, आणि माझे मागणे कुठे पोचते हे मला नक्की ठाऊक नाही, हेही इथे लिहून ठेवतो. पण खड्ड्यावरचा खडूचा गोल पाण्याने पुसला जातो, तेव्हा आई तो पुन्हा काढून घेते आणि पाणी घालताना दर वेळी नानांचे नाव घेते. ते पाणी जिथे पोचते, तिथे माझे हे मागणेही पोचत असावे.